देवराईची मोजणी: महाविद्यालय आणि गावानं मिळून करायचं काम

देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसते. सभामंडप किती फुटी हवा, फरशी कुठली, कळस कुणाच्या नावाचा, यावर दोन तास बोलणं होतं. आणि कोपऱ्यातला बेहडा ठेवायचा की पाडायचा, याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. त्या पाच मिनिटांत गावातल्या कुणाच्या तरी हातात एक वही असायला हवी. त्या बेहड्याचा घेर, त्यावरची धनेश पक्ष्याची ढोली आणि 'या जातीचं एकही रोप अख्ख्या राईत सापडलं नाही' हे वाक्य त्या वहीत असेल, तर बोलणं पाच मिनिटांत संपत नाही. खालची सगळी पद्धत ती वही तयार होण्यासाठी आहे. शोधनिबंध झाला तर उत्तमच, पण तो दुय्यम.

ही पद्धत कोकण आणि सह्याद्रीतल्या देवरायांसाठी, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांसाठी आहे. पदवी महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र विभाग आणि एक गाव एवढे दोनच भागीदार त्यात धरले आहेत. पहिल्या वर्षी एकच देवराई घ्या. पाच गावं एकदम घेणारे विभाग दुसऱ्या वर्षी एकाही गावात दिसत नाहीत.

आधी गावकी, मग ग्रामसभा

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पद्धतशीर नोंद केली. त्या काळातलं श्रीवर्धनजवळच्या गाणी गावचं उदाहरण अजूनही शिकण्यासारखं आहे. काळकाईची राई तोडीतून वाचवायला हाक गावकऱ्यांनीच दिली, कारण ओढ्याचं पाणी त्या राईवर अवलंबून होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे प्रश्न गावाचा होता आणि संशोधकांनी त्याला शास्त्राची जोड दिली. तुमच्याकडे अशी हाक आली नसेल तर निदान प्रश्न तरी गावाकडून घ्या. 'झरा पूर्वी मे महिन्यापर्यंत टिकायचा, आता मार्चलाच का आटतो?' या एका प्रश्नाभोवती तीन वर्षांचं काम बसू शकतं.

सरपंचांना पत्र देऊन काम सुरू करणं ही सर्रास होणारी चूक. कोकणात देवस्थानाचे निर्णय ग्रामपंचायतीत होत नाहीत, ते गावकीत होतात. गावकीत मानकरी असतात, गुरव असतो, आणि बऱ्याच गावांत अंतिम शब्द मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा असतो, कारण जीर्णोद्धाराची वर्गणी तिथून येते. म्हणून पहिली बैठक शिमग्यात किंवा गणपतीत धरा. त्या दिवसांत मुंबईकर गावात असतात. एरवी घेतलेली परवानगी मंडळाच्या एका फोनवर रद्द होते.

काही गावांत देवाला कौल लावल्याशिवाय राईत काम सुरू करता येत नाही. कौल मिळाला नाही तर थांबायचं, पुन्हा विचारायचं. यात अवैज्ञानिक काही नाही. ज्या व्यवस्थेनं राई राखली, तिची परवानगी घेण्याची ती रीत आहे.

याच बैठकीत राईचे नियम विचारून लिहून घ्या. चप्पल कुठे काढायची? लोखंड आत चालतं का? पडलेली फांदी उचललेली चालते का? कुठल्या वारी आत जायचं नाही? आणि ज्या प्रश्नाला सगळे टाळतात, तोही विचारा. पाळी असलेल्या बाईनं आत जायचं नाही असा नियम बऱ्याच राईंत आहे, काहींत बायकांना प्रवेशच नाही. हे विद्यार्थिनींना आदल्या आठवड्यात सांगा, राईच्या तोंडाशी नको. ज्यांना जाता येत नाही किंवा असल्या अटीवर जायचं नाही, त्यांना झऱ्याची मोजणी, काठावरचे चौकोन, मुलाखती आणि तक्त्यांचं काम द्या. गुण सारखेच. कुणालाही खोटं बोलून आत जायला सांगू नका. ते उघडकीला आलं की गावही जातं आणि मुलीलाच बोल लागतो. उलट एक गोष्ट विसरू नका. कुठला कंद, कुठला पाला, कुठलं फळ कधी मिळतं याची माहिती बहुतेक बायकांकडेच असते. त्यांच्याशी बोलायला वेगळी बैठक, दुपारची, अंगणात किंवा ओटीवर घ्या. गावकीच्या बैठकीत त्या मागे उभ्या राहतात आणि बोलत नाहीत.

जमीन नक्की कुणाची

मोजणीआधी सातबारा काढा. 'देवाची जमीन' हे गावाच्या तोंडचं उत्तर असतं, कागदावर चार वेगळी उत्तरं सापडतात: सरकारी जमीन आणि इतर हक्कात 'देवरहाटी' (देवराईचं कोकणातलं नाव) असा शेरा, वनखात्याचं क्षेत्र, देवस्थान इनाम, किंवा चक्क खासगी सामाईक मालकी. सिंधुदुर्गातल्या अनेक देवळांचा कारभार कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे, तिथे गावकीबरोबर समितीलाही कळवावं लागतं. राखीव वन असेल तर उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात असेल तर अर्ज नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि त्याला महिने लागतात, म्हणून तो आदल्या सत्रात करा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातली झाडी यांत फरक निघतोच. काठाकाठानं चालत मोबाईलवर हद्द आखा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. फरकावर तिथेच वाद घालू नका. शेजारच्या बागायतदाराचं कुंपण दोन गुंठे आत आलेलं असेल, तर ते गावाला आधीच माहीत असतं.

एक पानी करार

लांबलचक सामंजस्य करार प्राचार्यांच्या फाइलसाठी ठीक आहे. गावासाठी मराठीत एकच पान करा आणि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. त्यात एवढं हवंच: मूळ नोंदवही गावात राहील, महाविद्यालय छायाप्रत नेईल. काम संपल्यापासून दोन महिन्यांत निष्कर्ष गावात मराठीत मांडले जातील. छापण्याआधी मसुदा गावाला वाचून दाखवला जाईल. माहितगार म्हणून येणाऱ्याला गावात चालू असलेली दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी मिळेल. आणि गाव कधीही 'थांबा' म्हणू शकेल.

मजुरीच्या कलमावर अडचण गावाकडून येत नाही, ती महाविद्यालयाच्या लेखा विभागाकडून येते. त्यांना शिक्क्याचं बिल हवं असतं आणि गावच्या वैदूकडे शिक्का नसतो. त्यासाठी आधीच साध्या हजेरीपटाचा नमुना मंजूर करून घ्या: तारीख, नाव, काम, रक्कम, सही किंवा अंगठा. हे केलं नाही तर प्राध्यापक खिशातून पैसे देतात, दोनदा देतात, आणि तिसऱ्यांदा माहितगाराला बोलावत नाहीत.

माहितीचे तीन कप्पे पाडा. पहिला सर्वांसाठी खुला: झाडांच्या जाती, घेर, पक्ष्यांची यादी, झऱ्याचे आकडे. दुसरा फक्त गावाच्या वहीत: धनेशाची ढोली कुठल्या झाडावर, खवले मांजराचं बीळ कुठे, नरक्याची झाडं कुठे आणि किती. नरक्यात कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं कॅम्पटोथेसिन असतं आणि त्यासाठी सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झालेली आहे. अशा झाडाचे अक्षांश-रेखांश प्रबंधाच्या परिशिष्टात छापणं म्हणजे चोराला पत्ता देणं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना स्थान झाकण्याची सोय आहे, ती वापरा. मात्र फोटोच्या मथळ्यात गावाचं नाव लिहिलंत तर ती सोय फुकट जाते. तिसरा कप्पा कागदावर येतच नाही: वैदूचं औषध कशात, किती, कशाबरोबर. ते विचारूच नका. परदेशी विद्यापीठ भागीदार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. नमुना किंवा माहिती त्याआधी बाहेर जाता कामा नये.

मोजणी

साहित्य कमीच लागतं. ३० मीटरचे दोन टेप, शिंप्याचे दीडशे सेंटीमीटरचे चार टेप, पन्नास मीटर काथ्याची दोरी, बांबूच्या आठ खुंट्या (लोखंडी नकोत, कारण वर आलंच आहे), दोन दुर्बिणी ८×४२ च्या, दहा लिटरची बादली, पेन्सिली, आणि कडक पुठ्ठ्याच्या पाट्या. शाईचं पेन आणू नका. राईतल्या दमट हवेत आणि घामानं शाई फुटते आणि ७ चा १ होतो.

राई एकरभर किंवा त्याहून लहान असेल तर चौकोन आखायच्या फंदात पडू नका, एकूण एक झाड मोजा. मोठी असेल तर १० × १० मीटरचे चौकोन घ्या. या मापाचा एक फायदा पुस्तकात सहसा सांगत नाहीत. १० × १० म्हणजे बरोबर एक आर, आणि जवळपास एक गुंठा (गुंठा १०१ चौरस मीटरचा). त्यामुळे 'गुंठ्याला मोठी झाडं चार' असं म्हटलं की गावातल्या कुणालाही वेगळं समजावावं लागत नाही. दोन हेक्टरची राई म्हणजे सुमारे दोनशे गुंठे. त्यातले दहा चौकोन म्हणजे पाच टक्के. पहिल्या वर्षाला तेवढे पुरतात.

चौकोन कुठे टाकायचे हे घरी नकाशावर ठरवा. हद्दीच्या नकाशावर चाळीस-पन्नास मीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा आणि छेद जिथे पडतात ते बिंदू घ्या. जागेवर ठरवायला गेलात, तर सगळे चौकोन देवळाजवळ, पायवाटेलगत आणि सावलीत पडतात. काट्यांचा, उताराचा, जळवांचा भाग सुटतो आणि राई आहे त्यापेक्षा विरळ दिसते.

आखणी अशी: एका कोपऱ्यावर खुंटी, टेपनं १० मीटर, काटकोन, पुन्हा १०. काटकोन डोळ्यानं साधत नाही. दोरीला ३, ४ आणि ५ मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणा आणि शेवटी कर्ण मोजा. तो १४.१४ मीटर यायला हवा. हातभर फरक आला तर खुंट्या हलवा. उतारावर टेप जमिनीलगत धरला तर चौकोन प्रत्यक्षात लहान होतो. वीस अंशांच्या उतारावर जमिनीलगत १०.६४ मीटर धरा, तीस अंशांवर ११.५५. किंवा सरळ टेप आडवा ताणून टप्प्याटप्प्यानं उतरा. मोबाईलच्या जीपीएसवर चौकोनाचे कोपरे ठेवू नका. दाट झाडीत तो पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणजे अख्खा चौकोन शेजारी सरकतो. पुन्हा सापडण्यासाठी एखादा न हलणारा दगड, दीपमाळ किंवा विहिरीचा काठ धरा आणि तिथून अंतर व दिशा लिहा. झाडांना खिळ्यानं पत्र्याचे बिल्ले ठोकायचे नाहीत. बऱ्याच गावांत तेवढ्यावर काम बंद पडतं, आणि पडायलाच हवं.

एका चौकोनाला सहा जण लागतात: दोघं दोरी आणि टेप धरायला, एक घेर मोजायला, एक गावचा माहितगार नाव सांगायला, एक लिहायला, आणि एक लिहिणाऱ्यानं परत मोठ्यानं वाचलेलं तपासायला. हा सहावा माणूस फालतू वाटतो, पण सगळ्यात जास्त चुका तोच पकडतो. नवखा गट एका चौकोनाला पाऊण-एक तास घेतो. दिवसाला पाचापेक्षा जास्त धरू नका. दुपारनंतरचे आकडे कंटाळ्याचे असतात.

घेर जमिनीपासून १.३ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूनं मोजा. वनखात्याच्या जुन्या नोंदी साडेचार फुटांवरच्या, म्हणजे १.३७ मीटरच्या असतात. तुलना करायची असेल तर हे ध्यानात ठेवा. ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक झाड मोजायचं. काठीवर १.३ मीटरला खूण करून ती काठी प्रत्येक झाडाला लावा, छातीच्या अंदाजानं जाऊ नका, कारण छाती प्रत्येकाची वेगळी. बुंध्याला फळीसारखी मुळं असतील तर ती संपतात तिथून हातभर वर मोजा. गारंबीसारखा वेल बुंध्याला लपेटलेला असेल तर टेप वेलाच्या आतून सरकवा, वेल कापू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक अनेक खोडांच्या झाडाची. राईतली अंजनी बहुधा बुडापासूनच फुटलेली असते. समजा वहीत नोंद आली: 'चौकोन ४, झाड ७, अंजनी, ४२ + ३१ + ३८'. नंतर संगणकावर बसलेला विद्यार्थी बेरीज करतो, १११, आणि त्यावरून खोडाचं क्षेत्रफळ काढतो: १११ चा वर्ग भागिले १२.५७, म्हणजे सुमारे ९८० चौरस सेंटीमीटर. बरोबर रीत म्हणजे प्रत्येक घेराचा वेगळा वर्ग करून मग बेरीज, आणि त्याला १२.५७ नं भागणं. उत्तर येतं ३३२ च्या आसपास. जवळजवळ तिपटीचा फरक, आणि तोही राईत सगळ्यात जास्त असलेल्या जातीत. म्हणून वहीत बेरीज करायचीच नाही, अधिकची चिन्हं ठेवायची.

मोठी झाडं झाली की त्याच चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ × ५ चा तुकडा घ्या आणि त्यात मीटरभराहून उंच पण ३० सेंटीमीटरहून कमी घेराची वाढती झाडं मोजा. मग १ × १ चे दोन तुकडे घेऊन रोपं मोजा. हा भाग सगळे घाईनं उरकतात, कारण वाकून वाकून कंबर दुखते. पण गावाला सांगण्यासारखी बातमी इथेच असते. निरोगी राईत रोपं खूप, वाढती झाडं त्याहून कमी आणि म्हातारी झाडं मोजकी असा उतरता क्रम दिसतो. बेहडे चार-चार मीटर घेराचे आणि खाली एकही रोप नाही, असं आढळलं तर गावाच्या भाषेत सांगायचं: या झाडाला वारस नाही. सातबारा बघणाऱ्या माणसाला ते तत्काळ कळतं.

वारस नसण्याची कारणं बहुतेक जमिनीवरच दिसतात. गुरं आत येतात, किंवा देवळाभोवती पेव्हर ब्लॉक बसलेत, किंवा रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं काठानं शिरली आहेत, किंवा पालापाचोळा झाडून जाळला जातो. शेवटच्या कारणात महाविद्यालयांचाही हात असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात येतं, शंभर मुलं 'स्वच्छता अभियान' म्हणून राईतला पाला गोळा करतात, झुडपं छाटतात, फोटो निघतात. त्या पाल्यात त्या वर्षीची रोपं होती. शिबिर घ्यायचंच असेल तर मुलांना प्लास्टिक आणि बाटल्या उचलायला लावा आणि काठावरची रानमोडी फुलायच्या आधी मुळासकट उपटायला लावा. पाल्याला हात नको.

नावं आणि नमुने

स्थानिक नाव लिहून घेणं आवश्यक, पण त्यावर विसंबणं धोक्याचं. खानदेशात 'अंजन' म्हटलं की कोरड्या रानातला उंच वृक्ष, घाटावर आणि कोकणात 'अंजन' किंवा 'अंजनी' म्हणजे निळ्या फुलांचं, कठीण लाकडाचं वेगळंच झाड. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून वहीत माहितगारानं सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहा आणि शंका असेल तिथे नमुना घ्या: फुलं किंवा फळं असलेली एक डहाळी, दोन प्रती, गावाच्या परवानगीनं. वर्तमानपत्राच्या घडीत दाबा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात कागद वाळतच नाहीत, दोन दिवसांत बुरशी येते आणि पानं गळून पडतात. तेव्हा घड्यांचा गठ्ठा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अल्कोहोलनं भिजवून पिशवी घट्ट बंद करा आणि महाविद्यालयात परतल्यावर वाळवा. ओळख पटवायला पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांचे वनस्पतीसंग्रह आहेत. नमुन्याची एक प्रत तिथे ठेवली तर तुमची ओळख चुकली तरी पुढचा माणूस ती दुरुस्त करू शकतो.

पक्ष्यांसाठी सकाळी सात ते नऊ, एका जागी दहा मिनिटं, तीस मीटरच्या आतले पक्षी. दोन बिंदूंत दोनशे मीटर अंतर ठेवा, म्हणजे लहान राईत एकच बिंदू बसेल. तो वर्षातून सहा वेळा करा. धनेशाची मादी ढोलीत बंद असते त्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते मे, ढोलीखाली जमायचं नाही. नर चारा घेऊन येतो आणि माणसं पाहून परत फिरतो.

सुरक्षेचं थोडक्यात. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर आणि ते पाल्यात बसतं, म्हणून जिथे चप्पल चालत नाही तिथे पाऊल टाकण्याआधी काठीनं पाला हलवा आणि रोपं मोजताना हात आधी घालू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा बंद.

झऱ्याची बादली

गावाला सगळ्यात लवकर पटणारी मोजणी हीच, आणि ती महाविद्यालयाशिवायही चालते. राईतल्या किंवा राईखालच्या झऱ्याची धार दहा लिटरच्या बादलीत धरा, किती सेकंदांत भरते ते मोजा, तीनदा करा, सरासरी घ्या. सहाशेला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. पंचवीस सेकंद लागले तर मिनिटाला चोवीस लिटर, शंभर लागले तर सहा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, पंप चालू होण्याआधी. जानेवारी ते मे हे महिने चुकवू नका. धार पसरट असेल तर केळीच्या सोपट्याची पन्हाळ लावून ती एकत्र करा. हे काम गावातल्या शाळेच्या दोन मुलांकडे द्या आणि शाळेच्या भिंतीवर तक्ता लावा. आकडा रोज डोळ्यांसमोर असला की कुणी तरी विचारतंच, यंदा कमी का.

सत्र आणि हंगाम

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि राईचं वेळापत्रक जुळत नाही, हे आधीच मान्य करा. झाडांची मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारीत होते, जमिनीलगतच्या वनस्पती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसतात, बरीच झाडं फुलतात ती परीक्षेच्या तोंडावर. जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी, तेव्हा माहितगार मिळणार नाही आणि मागूही नये. नव्या शैक्षणिक धोरणातलं क्षेत्रीय काम किंवा समुदाय सहभाग दोन क्रेडिटचा, म्हणजे साठ तासांचा असतो. एका तुकडीनं साठ तासांत सगळं करण्याऐवजी पावसाळी सत्राच्या तुकडीला खालच्या वनस्पती आणि नमुने द्या, हिवाळी सत्राच्या तुकडीला चौकोन. दोन्ही तुकड्यांना एकाच वहीत लिहायला लावा. नाहीतर दरवर्षी 'प्राथमिक सर्वेक्षण' नावाचा नवा अहवाल तयार होतो आणि दुसरं सर्वेक्षण कधीच होत नाही.

वहीतून ठरावाकडे

मांडणीच्या दिवशी प्रोजेक्टर आणि विविधता निर्देशांक घरी ठेवा. कापडी फलकावर तीनच गोष्टी: राईचा नकाशा, पाच मोठ्या जातींचे घेरगट (३० ते ६०, ६० ते १२०, १२० ते २००, त्याहून मोठी) आणि त्यांची रोपं, आणि झऱ्याचा तक्ता. मग बोलू द्या. उपाय तुम्ही सांगू नका, पर्याय विचारले तर सांगा. सहसा चर्चा या गोष्टींवर येते: रोपं नसलेला तुकडा तीन वर्षं गुरांना बंद करणं, पाला फक्त अंगण आणि पायवाटेपुरता झाडणं, जीर्णोद्धार जुन्या जोत्याच्या आत बसवणं आणि जेसीबीला वाट न पाडता सामान डोक्यावरून नेणं, होळीचं झाड राईबाहेरून आणणं. लागवडीचा उत्साह आला तर त्याला जरा आवर घाला. दाट राईत लागवडीची गरज नसते. काठावर करायची तर त्याच राईतल्या, अनेक झाडांखालच्या बिया घ्या. सुरंगीसारख्यांच्या बिया टिकत नाहीत, त्या आठवड्याच्या आत पेरा. रोपवाटिकेतून फुकट मिळतात म्हणून गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ आणू नका.

जे ठरलं ते गावकीच्या इतिवृत्तात आणि ग्रामसभेच्या ठरावात, दोन्हीकडे लिहून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिल्यावर बऱ्याच समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या घाईत तयार झाल्या. तुमच्या गावची नोंदवही उघडून पाहा. शेजारच्या गावाच्या नोंदवहीसारखी दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका. पहिल्या कप्प्यातली माहिती रीतसर ठरावानं त्यात घाला. गावाची इच्छा असेल तर याच कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव राज्य मंडळाकडे जाऊ शकतो. आंबोलीजवळचं हिरण्यकेशीचं उगमस्थान २०२१ मध्ये असं घोषित झालं. तिथे देवळाच्या कुंडातच मुरी जातीचा नवा मासा सापडला होता. पण घाई नको. वारसा स्थळ म्हटलं की 'उद्या आत जायलाही बंदी येईल' अशी धास्ती पसरते, म्हणून हक्क आणि वहिवाट काय राहणार हे आधी लेखी मागवा आणि मग ग्रामसभेत ठेवा. आदिवासी गाव असेल तर वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा जास्त भक्कम. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि त्याआधी कितीतरी वर्षं गावाचं स्वतःचं अभ्यास मंडळ बाहेरच्या अभ्यासकांबरोबर बसून शिकत होतं.

वहीची मूळ प्रत गुरवाच्या किंवा गावकीनं ठरवलेल्या माणसाच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत, चुलीच्या उबेला पण धुरापासून दूर ठेवा. पावसाळ्यात देवळातल्या कपाटात ठेवलेला कागद वाळवी खाते. छायाप्रत ग्रामपंचायतीत आणि दुसरी विभागात. पहिल्या पानावर दीपमाळेपासून प्रत्येक चौकोनाचं अंतर आणि दिशा, शेवटच्या पानावर पुढच्या मोजणीचं साल, पाच वर्षांनंतरचं, आणि त्याखाली गावातली दोन नावं: एक आत्ताच्या माहितगाराचं, एक त्याच्याबरोबर या वेळी दोरी धरलेल्या विशीतल्या पोराचं किंवा पोरीचं.